बिडाचा बाक

वडिलांच्या नावाचा एक बाक बागेत ठेवणं हे काम कोणत्याही कर्त्या मुलाला एका रविवारात उरकता यावं, असं माझं मत होतं. आता ते मत राहिलेलं नाही. आता कुणी नुसतं ‘बसा’ म्हटलं तरी मी आधी खाली वाकून पाय तपासतो.

मुळात हे काम मला जमेल असं सगळ्यांना वाटलं, याचं कारण माझी नोकरी. मी सातपूरला वेल्डिंगचे इलेक्ट्रोड तयार करणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला आहे. आमच्या श्रमसाफल्य कॉलनीत मला ‘रॉडवाले धोंगडे’ म्हणतात. रॉड पडद्याला असतो. आम्ही करतो तो इलेक्ट्रोड. ज्यातून वीज आत शिरते किंवा बाहेर पडते तो इलेक्ट्रोड, एवढी सोपी गोष्ट मी कॉलनीत प्रत्येक घरी निदान एकदा सांगितलेली आहे आणि प्रत्येक घरी ‘हो का? चहा घेणार?’ हेच उत्तर मिळालेलं आहे.

कंपनीचा कॅटलॉग मला तोंडपाठ आहे. खिडकीचे गज, फाटक, जिन्याचा कठडा असल्या घरगुती कामाला ६०१३. पूल, बॉयलर, म्हणजे जिथे जोड सुटला तर माणसं मरतात तिथे ७०१८, आणि तोही भट्टीत वाळवून. स्टेनलेस स्टीलला ३०८. बिडाला निकेलचा. टंगस्टनचा इलेक्ट्रोड स्वतः वितळत नाही, समोरच्याला वितळवतो. आमचे मॅनेजर त्या जातीचे आहेत. हे सगळं मला येतं, कारण बिलावर आणि खोक्यावर हेच आकडे असतात. प्रत्यक्ष वेल्डिंग मी कधी केलेलं नाही. खरं सांगायचं तर ठिणगीची मला भीती वाटते. पण हे कॉलनीला कळायचं काही कारण नव्हतं.

बाबांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा त्यांच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या. नर्स आत येऊन म्हणाली, ‘‘इलेक्ट्रोड सुटलाय.’’ मी सवयीनं विचारलं, ‘‘कुठल्या ग्रेडचा?’’ माझ्या बायकोनं, मनीषानं, माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी अजून विसरलेलो नाही. नर्सनं तो छातीला पुन्हा चिकटवला. पण त्याचा पुढे फार उपयोग झाला नाही.

बाबा, म्हणजे चिमाजी केरू धोंगडे, इगतपुरीला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले होते. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन आमच्याकडे राहायला आले. रोज संध्याकाळी दोघं कॉलनीच्या बागेत जायची आणि नळाच्या कठड्यावर बसायची, कारण बागेत बाक नव्हता. बाबा तंबाखू मळायचे, आई मेथी निवडायची. दोघांत बोलणं असं काही नसायचं. अंधार पडायला लागला की बाबा उठून चालू लागायचे आणि आई मागून यायची. ते गेल्यावर आईनं बागेत जाणंच सोडलं. तिचे गुडघे धरले होते, तो कठडा बुटका होता, आणि उठताना हात द्यायला आता कुणी नव्हतं. ती दिवसभर गॅलरीत बसून राहायची. आधीच कमी बोलायची, ते आणखी कमी झालं. मला संध्याकाळी घरी यायचा कंटाळा येऊ लागला होता, हे सांगायला लाज वाटते.

उन्हाळ्यात एका सकाळी ती आपण होऊन म्हणाली, ‘‘दीपक, त्या बागंत त्यांच्या नावाचा एक बाक टाक ना बाबा. बाकावं बसाया येतं मला. मंग मी जाईन रोज.’’

जन्मात आईनं माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. मी म्हणालो, ‘‘एवढंच ना? मी रॉडच्या कंपनीत आहे.’’ घाईत मीसुद्धा रॉड म्हणालो.

बागेचा कारभार उद्यान समिती पाहते. समितीचे अध्यक्ष कुलथे काका. कुठल्याशा ऑफिसातून ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि ते ऑफिस येताना सोबत घेऊन आले. त्यांच्या घरी गेलं तरी आधी बाहेरच्या खुर्चीवर बसावं लागतं. माझी विनंती त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, ‘‘भावना स्तुत्य आहे. पण पूर्वीचे पत्र्याचे बाक भंगारवाल्यांनी पळवले, हे आपणास ज्ञात असेलच. तेव्हा समितीचा ठराव आहे. यापुढे बाक बिडाचाच. दोन माणसांना उचलता येतो तो बाक नव्हे धोंगडे, ते आमंत्रण आहे.’’

बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्या डोशाचा तवा असतो ते. वजनाला भारी, दिसायला दणकट आणि स्वभावानं अत्यंत हळवं. पण हे कॉलनीत कुणाला समजावणार? शेजारच्या वत्सलाबाईंनी जिन्यातच गाठलं. ‘‘बाक म्हणे बीडहून मागवताय? एवढ्या लांबून? नाशकात काय बाक मिळेनात का?’’ मी खुलासा केला. त्या म्हणाल्या, ‘‘हो का? पण आणायला टेम्पो तर मोठाच लागेल हो, बीडहून.’’

भंगार बाजारात मला बाकाचे दोन जुने बिडाचे पाय मिळाले. वर हात ठेवायला वेलबुट्टीचं वळण, खाली सिंहासारखा पंजा. दुकानदार म्हणाला, रेल्वे स्टेशनवरचे आहेत. मी विचारलं, इगतपुरीचे का? तो म्हणाला, हो, इगतपुरीचेच. मी मनमाड म्हटलं असतं तर तो मनमाडचेच म्हणाला असता, हे मला समजत होतं. तरी मी घरी जाऊन आईला इगतपुरीचेच म्हणून सांगितलं. तिनं त्या पायांवरून हात फिरवला. ‘‘मंग तर ते बसले आसतील याच्यावं,’’ ती म्हणाली. एका पायाला वळणाखाली तडा होता. पण एक टाका मारला की झालं, असं दुकानदार म्हणाला होता, आणि टाका हा तर माझा प्रांत.

तडा गेलेला पाय मी पार्किंगमध्ये ठेवला आणि कॉलनीत सल्ल्यांची लाट आली. आयटीआयमधून निवृत्त झालेले सोनवणे सर म्हणाले, ‘‘सरळ ६०१३ मारा. माझ्या गेटला मारलाय, बारा महिने उभं आहे.’’ मी सांगितलं, तुमचं गेट साध्या लोखंडाचं आहे, बिडाला साधा इलेक्ट्रोड चालत नाही, थंड होताना दोन्ही वेगवेगळं आकसतं आणि बीड फुटतं. सर म्हणाले, ‘‘पुस्तकात असतं तसं.’’ त्यांनी आयुष्यभर पुस्तकातलंच शिकवलं होतं. कुलथे काका म्हणाले, ‘‘धोंगडे, तड्यात लांबी-पुट्टी भरा, वरून काळा रंग द्या. कुणाच्या बापाला कळतंय!’’ बाक माझ्या बापाचाच आहे हे लक्षात आल्यावर ते खाकरले आणि पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळले.

तर हवे होते निकेलचे इलेक्ट्रोड. आमच्या कंपनीतून ते खोक्यानं जातात. कोइमतूरला जातात, लुधियानाला जातात. डिस्पॅचच्या धोंगडेला मात्र ते सुटे मिळू शकत नाहीत, कारण सुटे द्यायची पद्धत नाही, असं स्टोअरनं सांगितलं. स्टोअर माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि रोज मी त्यांना माल मागतो. शेवटी लॅबमधल्या एका ओळखीच्या माणसानं चाचणीतून उरलेले चारपाच इलेक्ट्रोड वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. मी ते छत्रीत घालून घरी आणले. उन्हाळ्यात छत्री पाहून गेटवरच्या माणसानं मला थांबवलं आणि मला ताप आला आहे का, असं विचारलं.

इलेक्ट्रोडवरचं राखाडी लेपण हवेतला ओलावा धरतं. वापरण्याआधी ते वाळवावं, असं कॅटलॉगात आहे. घरी भट्टी नव्हती. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. मी त्यांच्याच कडेला इलेक्ट्रोड मांडले आणि शास्त्र व संसार यांचा मेळ घातल्याच्या समाधानात ऑफिसला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर बाबांच्या फोटोपुढे आई आणि वत्सलाबाई बसलेल्या. पुढे काड्यापेटीच्या जळलेल्या काड्यांचा ढीग. आणि पितळेच्या घरात, अगरबत्त्या खोचतात तिथे, माझे निकेलचे इलेक्ट्रोड ओळीनं खोचलेले.

‘‘काय रं या उदबत्त्या,’’ आई म्हणाली. ‘‘लय जाड हायेत. पेटंनात. वास बी नाय.’’

‘‘गच्चीवर सादळल्या असतील,’’ वत्सलाबाई म्हणाल्या. ‘‘मी म्हटलं जरा तेलात बुडवून बघा.’’

तेलात बुडवून झालेलं होतं. लेपण फुगून गळायला लागलं होतं, आतली तार दिसत होती. खालचं उघडं टोक, जे वेल्डिंगच्या चिमट्यात धरायचं असतं, ते त्यांनी बरोबर उदबत्तीच्या काडीचं समजून घरात खोचलं होतं. चूक म्हणावी तर काय म्हणावी? हुबेहूब उदबत्तीच दिसते ती. मला ओरडायचं होतं. पण बाबांच्या कपाळावर आईनं ताजं गंध लावलेलं होतं आणि चटका बसलेलं बोट ती पदरात लपवत होती. मी म्हणालो, ‘‘दुसऱ्या आणतो.’’

दुसऱ्या आणायला गेलो तर लॅबमधला ओळखीचा माणूस रजेवर. त्याचा खण मात्र उघडा होता. इलेक्ट्रोडच्या टोकाला रंगाचा ठिपका असतो. नारिंगी म्हणजे निकेल, हे मी झोपेतही सांगेन. नारिंगी टोकाचे काही इलेक्ट्रोड मी उचलले. नवीन मॅनेजर आल्यावर सगळे रंग बदलले होते आणि नारिंगी आता ६०१३ चा झाला होता. त्या बदलाचं परिपत्रक सगळ्या डीलरांना मीच पाठवलं होतं. वाचलं नव्हतं. पाठवणाऱ्यानं वाचायचं असतं असा नियम आमच्याकडे नाही.

बुधा नावाच्या वेल्डरचं सातपूरच्या रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान आहे. बुधाला स्वतःविषयी जेवढी खात्री आहे तेवढी मला कशाविषयीच नाही. मी त्याला म्हणालो, ‘‘हे निकेलचे आहेत. आधी पाय गरम कर, मग थोडं थोडं वेल्डिंग कर, आणि झाल्यावर राखेत पुरून हळूहळू थंड होऊ दे.’’

‘‘सायेब,’’ बुधा म्हणाला, ‘‘रॉड रॉड आसतो. निकेल काय न् फिकेल काय. आपण ट्रकची चासी जोडली हे, ह्यो तर बाक हाय.’’

मी ठिणग्यांकडे पाठ करून उभा राहिलो आणि तिथून सूचना देत राहिलो. बुधानं एका दमात तडा भरून काढला. मी वळून पाहिलं तर जोड खरोखर सुरेख होता. एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक ट्रॅक्टरचा नांगर घेऊन आलं. राखेची वाट कोण बघणार? ‘‘जरा गार करून देतो,’’ म्हणत बुधानं बादलीतलं पाणी त्यावर ओतलं. मी ‘अरे!’ म्हणेपर्यंत वाफ निघाली आणि ‘टण्ण’ असा आवाज झाला.

जोड शाबूत होता. त्याच्या शेजारचं बीड सरळ उभं फाटलं होतं.

‘‘बगा,’’ बुधा म्हणाला, ‘‘आपला जोड हालला का? नाय हालला. तुमचं बीडच कुजकं.’’ आणि इलेक्ट्रोडचं उरलेलं थोटूक माझ्या हातात देऊन नांगराकडे वळला. त्या थोटकावर ६०१३ असं छापलेलं होतं. मी ते खिशात टाकलं आणि कुणालाही दाखवलं नाही. सोनवणे सरांना तर नाहीच.

शेवटी त्या पायाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून नटबोल्टनं आवळलं. इलेक्ट्रोडचा त्यात काही संबंध आला नाही. वर सागाच्या फळ्या बसवल्या. बाक उभा राहिला, पण एका अंगाला किंचित लंगडा. बसलं की ‘खट्’ असा आवाज करी. मनीषा म्हणाली, ‘‘नवा का नाही घेतलात हो?’’ हा प्रश्न ती पहिल्या दिवसापासून विचारत होती.

राहिली पाटी. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि त्या दिवशी आईला बाकावर बसवायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. पाटीवर नाव मोठ्या अक्षरात हवं होतं. आई इगतपुरीला साक्षरता वर्गात बाराखडीपर्यंत शिकली होती. जोडाक्षरं सुरू व्हायच्या आत वर्ग बंद पडला, त्यामुळे तिला ‘बटाटा’ वाचता येतो आणि ‘नाश्ता’ येत नाही. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलेलं नव्हतं. पण वाचायला हरकत नसते, असं तिनं वर्गातल्या बाईंना विचारून घेतलेलं होतं. म्हणून पितळेच्या पाटीवर उठावाच्या मोठ्या अक्षरात मधोमध ‘चिमाजी’, वर बारीक ‘कै.’ आणि खाली बारीक ‘केरू धोंगडे यांच्या स्मरणार्थ’. कुलथे काकांनी हरकत घेतली की पितळ चोरीला जातं. वर निकेलचा मुलामा द्या, म्हणजे ते स्टीलसारखं दिसेल आणि चोराचा गैरसमज होईल.

मुलामा देणारा राज आमच्याच कंपनीमागच्या गाळ्यात बसतो. तिथे हिरव्या पाण्याच्या टाक्या होत्या. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, ‘‘आपला धंदा एकच. तुमच्याकडेही इलेक्ट्रोड, आमच्याकडेही इलेक्ट्रोड.’’ राज तरुण आणि सभ्य होता. तो ऐकत राहिला, आणि ऐकणारा माणूस मला क्वचित मिळतो. मी त्याला त्याचाच धंदा समजावून सांगितला. प्लसच्या दांडीला निकेलची पट्टी टांगतात. ती विरघळत जाते. मायनसच्या दांडीला आपली वस्तू टांगतात. तिच्यावर ते निकेल येऊन बसतं. प्लस देतो, मायनस घेतो. तेवढ्यात वीज गेली. वीज येईपर्यंत मी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर आलो, टॉर्चच्या सेलमधली काळी कांडी म्हणजे तोच, असं सांगत होतो. वीज आली. राज माझ्याकडे पाहून मान हलवत हलवत पाटी टाकीत सोडून मोकळा झाला. मी टंगस्टनवर होतो तेव्हा तो एकदम ओरडला, ‘‘अरे साहेब! पाटी प्लसवर टांगली!’’

बाहेर काढली तेव्हा तिचं पितळ विरघळलं होतं. कडेची अक्षरं आधी खाल्ली गेली होती. ‘कै.’ नव्हतं. ‘चि’ नव्हता. ‘केरू धोंगडे यांच्या’ यातलं काही नव्हतं. मधे ‘माजी’ तेवढं ठळक राहिलं होतं आणि त्याखाली पुसट ‘स्मरणार्थ’.

बाबांना मी देणाऱ्याच्या दांडीवर टांगलं. तसे ते जन्मभर तिथेच होते. मला शिकवलं, धाकट्या आत्याचं लग्न केलं, स्वतः एकच कोट उसवेपर्यंत घातला, आणि असेच हळूहळू विरघळून गेले. मी त्या गाळ्यात उभ्या उभ्या रडलो. राज घाबरला. त्यानं पाटी पुसून योग्य दांडीला टांगली आणि उरलेल्या अक्षरांना झकास मुलामा देऊन आणली. ‘‘साहेब, फिनिशिंग तर बघा,’’ तो म्हणाला. ‘माजी’ चांदीसारखं चमकत होतं.

अक्षरं कोरणारा गणपतीसाठी गावी गेला होता. नवी पाटी व्हायला वेळ नव्हता. मी घरीच तैलरंगानं पुढे ‘चि’ काढला. निकेलवर रंग धरत नाही. तो पसरला आणि ‘माजी’पासून लांब जाऊन बसला, त्यामुळे कैलासवासी माणूस ‘चि. माजी’ दिसू लागला. म्हटलं, असू दे. आईला ओळखता येईल एवढं पुरे.

बाक बागेच्या फाटकाशी नेला आणि समितीची बैठक भरली. ती निवडणुकीची वेळ होती, आचारसंहिता लागलेली होती. कुलथे काकांनी चष्मा लावून पाटी वाचली.

‘‘माजी?’’ ते म्हणाले. ‘‘माजी कोण?’’

‘‘माझे वडील.’’

‘‘ते कळलं. पण कोणते माजी? माजी आमदार? माजी नगरसेवक?’’

‘‘माजी सांधेवाले,’’ मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

‘‘धोंगडे, आचारसंहितेत सार्वजनिक जागी माजी लावता येत नाही. आज माजी लावले तर उद्या आजी येऊन बसतील.’’

सोनवणे सरांनी सुचवलं की अक्षरं झाकावीत. वत्सलाबाईंचे यजमान म्हणाले, नुसतं ‘चि.’ ठेवा, चिरंजीवाला कुणाची हरकत नसते. मी बारीक आवाजात विजेचं शास्त्र सांगायला सुरुवात केली, पण ते ऐकायला तिथे राज नव्हता. बाक निकाल लागेपर्यंत फाटकाबाहेर ठेवावा आणि पाटीवर वर्तमानपत्र चिकटवावं, असं एकमतानं ठरलं. पुढाऱ्यांच्या पाट्या झाकतात तशी बाबांची पाटी झाकली गेली. एवढा मान त्यांना रेल्वेनंही दिला नव्हता.

वर्षश्राद्ध त्या बाकाशिवाय झालं. आई रोज संध्याकाळी विचारायची, ‘‘टाकला का रं बाक?’’ मी म्हणायचो, ‘‘समितीत आहे.’’ समिती म्हणजे एखादं गाव असावं अशी तिची समजूत झाली असावी, कारण एकदा तिनं विचारलं, ‘‘तितून यायला लय लागतंय का?’’ मी हो म्हणालो. ती पुन्हा गॅलरीत जाऊन बसली. तिनं मेथी निवडायलाही घेणं सोडलं होतं. मनीषा तिच्यापुढे जुडी नेऊन ठेवायची आणि तशीच उचलून आणायची. मला बाकाचा राग येऊ लागला, समितीचा येऊ लागला, आणि सगळ्यात जास्त माझा.

निवडणूक झाली. मी धावत कुलथे काकांकडे गेलो. बाहेरच्या खुर्चीवर बसलो. आत गेलो तर ते प्रसन्न होते. ‘‘धोंगडे, अभिनंदन! बागेत आता जॉगिंग ट्रॅक होतोय. लोकांनी पळायचं आहे, बसायचं नाही. त्यामुळे बाकाचा प्रश्न निकाली निघाला. पण आपली भावना आम्ही वाया जाऊ दिली नाही. आपला बाक परवा टेम्पोत घालून अमरधामला पाठवला. तिथल्या शेडमध्ये बसायला जागा नव्हती.’’

‘‘अमरधाम? म्हणजे स्मशानात?’’ मी विचारलं.

‘‘तिथे ‘माजी’ला कुणाचीही हरकत नाही,’’ काका म्हणाले. ‘‘तिथे येणारा प्रत्येक माणूस माजीच.’’ आणि त्यांनी मला शाल व नारळ दिला. कॉलनीच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं गेलं.

आता हे आईला कोणत्या तोंडानं सांगणार? आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. बाबांना नेलं तेव्हाही ती दारातूनच परतली होती. तिच्यासाठी केलेला बाक मी नेमका अशा जागी पोचवला होता, जिथे तिला पाऊल टाकता येत नव्हतं. मी ठरवलं की सांगायचंच नाही, समितीतच आहे म्हणायचं. पण वत्सलाबाई कुठल्याही बातमीला माझ्यापेक्षा आधी पोचतात.

रविवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो. आई समोर येऊन उभी राहिली. धुतलेलं लुगडं, पायात चपला.

‘‘चल.’’

‘‘कुठं?’’

‘‘बाक हाय तितं.’’

‘‘आई, तिथं बायका जात नाहीत.’’

‘‘कोन म्हनतं जात नाय? मला न्यायचंच हाय तितं तुला एक दिवस,’’ ती म्हणाली. ‘‘तवा मला बसाया यायचं नाय. आज चल.’’

मनीषानं रिक्षा बोलावली. अमरधामच्या फाटकाशी रिक्षावाल्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आत कुणी नव्हतं. एका ओट्यावर सकाळची राख होती. झाडू मारणारा माणूस थांबून बघत राहिला. आई सरळ शेडखाली गेली आणि बाकाला धरून हळूच बसली. बाक ‘खट्’ वाजला.

‘‘हालतोय,’’ मी म्हणालो. ‘‘तडा नीट जोडला गेला नाही.’’

‘‘हालू दे.’’

तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. मग तिनं मान वळवून पाटी पाहिली. वर्तमानपत्र पावसानं कधीच गळून गेलं होतं आणि त्याबरोबर माझा ‘चि’ही. पाटी चकचकीत होती. मी पटकन म्हणालो, ‘‘आई, ती पाटी जरा—’’

‘‘थांब. सांगू नको. मला येतंय वाचाया.’’ तिनं बोट ठेवलं. ‘‘म ला काना मा.’’ बोट पुढे सरकलं. ‘‘ज ला दुसरी येलांटी जी.’’ खालचं जोडाक्षर तिनं सोडून दिलं. ‘‘माजी.’’

मी तोंड उघडलं. प्लस, मायनस, पितळ, राज, सगळं जिभेवर आलं होतं.

‘‘माजी,’’ ती पुन्हा म्हणाली. या वेळी हळू. आमच्या घोटी-इगतपुरीकडे ‘माझी’ कुणी म्हणत नाही, माजीच म्हणतात. लहानपणी मीही तसंच म्हणायचो, शाळेत मार खाऊन सुधारलो. एवढ्या महिन्यांत हे माझ्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

आईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते आणि बाक खट् खट् वाजत होता. मी तिच्या शेजारी बसलो. बऱ्याच वेळानं तिनं पदर काढला आणि पाटीवर तळवा ठेवला.

‘‘जित्तेपनी येकदा बी म्हनले नाय रं,’’ ती म्हणाली.